बकरी तोकमोकला उतरते

पाचव्या पानावर बकरीने स्वतःचं तिकीट खाऊन टाकलं होतं. जिपारगुलने ती ओळ पुन्हा वाचली. मग हातमोजा काढून, लहान मुलं वाचतात तसं एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचली. शब्द बदलले नाहीत. तिकीट पिवळं होतं, कडक होतं, जरासं खारट होतं, म्हणून बकरीने ते खाल्लं, असं त्या चार ओळींत यमक जुळवून छापलेलं होतं. समोरच्या थांब्यावर तिची ट्रॉलीबस आली, दार उघडून उभी राहिली, दोन म्हाताऱ्यांना आणि कोबीच्या एका पोत्याला पोटात घेऊन निघून गेली. जिपार जागची हलली नाही. नोव्हेंबरची सकाळ होती, घराघरांतल्या कोळशाचा धूर रस्त्यावर उतरला होता आणि फुटपाथवर अंथरलेल्या मेणकापडावर गंजक्या तोट्या, बिल्ले, समोवाराची झाकणं आणि दहा-बारा पुस्तकं पडली होती. चालीवरून माणूस ओळखावा तसं तिने ते पुस्तक लांबूनच ओळखलं होतं. डोक्याला निळा रुमाल बांधलेली बकरी, हातात पेटी, मागे आगगाडीचा लाल डबा. बत्तीस वर्षांनी ती बकरी दिसली तेव्हा छातीत जे हललं ते सुखच होतं. मग तिने पुस्तक उघडलं, आणि ज्या भाषेत ती आता दुकानांच्या पाट्या, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलीच्या शाळेच्या सूचना न अडखळता वाचते त्या रशियन भाषेत ती पहिल्या पानापासून वाचू लागली, आणि पानागणिक तिच्या पायाखालचं काहीतरी सरकत गेलं. मेणकापडाशी बसलेली रशियन म्हातारी म्हणाली, "बाई, घेणार आहेस, की इथंच उभ्यानं संपवणार?"

तिने पुस्तक घेतलं, कोटाच्या आत धरलं आणि पुढच्या ट्रॉलीबसमध्ये चढली. काचेवर आतून वाफ धरली होती. त्या वाफेकडे बघताना तिला वीटभट्टीच्या कारखान्याच्या वसतिगृहातली खोली दिसू लागली. एक लोखंडी पलंग, एक शेगडी, खिडकीत दुधाची बाटली. बाबा कामावरून यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवरसुद्धा विटांची लाल धूळ असायची. ते कोपरापर्यंत हात धुवायचे, फडक्याला पुसायचे, मग उजेडाकडे धरून बघायचे, आणि मगच ते पुस्तक हातात घ्यायचे. कारखान्याने एक मेच्या कामगारदिनाला कामगारांच्या पोरांना काही ना काही वाटलं होतं. कुणाला चेंडू मिळाला, कुणाला रंगपेटी, जिपारला हे पुस्तक. घरात दुसरं पुस्तक नव्हतं. आई पलंगाच्या टोकाला शिवण घेऊन बसायची, शेजारच्या खोल्यांतली तीन-चार पोरं दारातच उकिडवी बसायची, आणि बाबा म्हणायचे, "वाचतो हं." मग ते बोट पहिल्या ओळीखाली ठेवायचे आणि ओळीच्या शेवटापर्यंत न्यायचे, पुन्हा पुढच्या ओळीखाली. एरवी दिवसभरात वीस शब्दही न बोलणारा हा माणूस तेव्हा निराळ्याच आवाजात बोलायचा. बकरीची धाकटी बहीण हरवली होती. बकरी डोंगरातून निघाली होती. पहिल्या पानावर ती रिबाच्येला गाडीत बसायची, मग बिस्त्रोवका, मग तोकमोक, मग कांत, मग फ्रुंझे, म्हणजे त्यांचं हेच शहर. रशियन पुस्तकातल्या बकरीला आमच्याच गाडीची स्टेशनं कशी काय ठाऊक, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. बाबा रशियन वाचतात आणि आपल्याला किरगिझमध्ये सांगतात, एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि जिपारला त्याचा केवढा अभिमान होता! पाचव्या पानावर बकरीच्या तोंडात कागद होता. "तोंडात काय आहे तिच्या?" दारातलं एखादं पोर विचारायचं. "पत्ता," बाबा म्हणायचे. "बहिणीचा. पाऊस लागलाय ना. हातात धरला तर शाई पसरेल." आणि सहाव्या पानावर टोपीवाला स्टेशनमास्तर बोट उगारून उभा होता, तो बकरीला वाट दाखवत होता. तो खरं तर तिला रागावत होता. मूर्ख, अडाणी बकरी म्हणत होता. हे जिपारला आज सकाळी कळलं, पावणेआठला, बाजाराजवळच्या थांब्यावर.

पुस्तक अख्खंच अडाणीपणाबद्दल होतं. बकरीला वेळापत्रक वाचता येत नाही म्हणून ती चुकीच्या गाडीत बसते, पाटी वाचता येत नाही म्हणून चुकीच्या गावी उतरते, लोक हसतात, आणि शेवटच्या पानावर ती लाजून शाळेत जाते. शाळेच्या अंगणात पुष्कळ करडं खेळतायत आणि बकरी फाटकाशी उभी आहे, असं ते चित्र. त्या पानाशी बाबा नेहमी थांबायचे. "यातली तिची बहीण कुठली?" जिपार विचारायची. बाबा एखाद्या करडावर बोट ठेवायचे. रोज निराळ्या. कधी कोपऱ्यातल्या, कधी झोक्यावरच्या. "काल ही नव्हती दाखवली," ती म्हणायची. "काल मला नीट दिसलं नव्हतं," बाबा म्हणायचे. आणि कधीकधी कुणावरच बोट न ठेवता पुस्तक मिटायचे, आणि त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही हे तिला न सांगता समजायचं. ट्रॉलीबसने वळण घेतलं, तारेवर ठिणगी उडाली. बाबांना रशियन येत नव्हतं, हे वाक्य तिने मनात एकदा पूर्ण म्हणून बघितलं. अक्षरं तीच, त्यांना आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचता यायचं. पण रशियन भाषा त्यांच्यासाठी बंद दार होती. मुकादमाच्या शिव्या आणि 'वीट', 'लवकर', 'पुरे' हे तीन-चार शब्द, संपलं. मग तिला एकेक आठवू लागलं. कारखान्यातला कुठलाही कागद आला की तो आईपुढे ठेवणारे बाबा. दवाखान्यात आईला पुढे करून मागे टोपी हातात घेऊन उभे राहणारे बाबा. आईचं लहानपण एका रशियन कुटुंबाच्या शेजारी बिटाच्या शेतात गेलेलं, तिला रशियन फाडफाड यायचं. आणि इथे जिपारचं मन अडकलं. आई रोज तिथेच बसलेली असायची. हातभर अंतरावर बाबांचं पुस्तक. चित्रंही तिला दिसत, अक्षरंही.

त्या दिवशी शिवणकामाच्या कारखान्यात तिने चार कोटांना उजवी बाही डावीकडे लावली. शेजारच्या मशीनवरच्या रोझा एजेने चष्मा कपाळावर चढवला. सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली ताई; पन्नाशीची, तीन पोरी लग्न करून दिलेली, जिच्यापासून काही लपत नाही अशी बाई ती. "काय गं, नवऱ्याशी भांडलीस की प्रेमात पडलीस?" "दोन्ही नाही, एजे." "मग कोट उलट्या माणसांसाठी शिवतेस का?" जिपारने मशीन थांबवलं आणि कोटाखालचं पुस्तक दाखवलं, दोन वाक्यांत सांगितलं. रोझा एजेने पानं चाळली, तिकिटापाशी पोचल्यावर खो खो हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "माझा बाप इंजिनियर होता. कपाटभर पुस्तकं. आम्हाला एक ओळ कधी वाचून दाखवली नाही. तुझ्या बापानं रात्रंदिवस विटा वाहून थापा मारल्या, तर तू तोंड पाडून बसलीयस." "तोंड पाडलं नाही." "मग काय केलंयस हे?" जिपार उलट्या बाहीचे टाके उसवू लागली. फसवलं गेल्याचा राग नव्हता. बाबांनी रोज तिच्यासाठी घातलेला तो घाट तिला आठवत होता. पण त्याच्याही खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते बाबांचं नव्हतं, आईचं होतं.

आईने ते पुस्तक देऊन टाकलं होतं. जिपार तेव्हा दुसरी संपवून तिसरीत जाणार होती. एक दिवस ती खेळून आली तर उशीखाली पुस्तक नाही. आई कणीक मळत होती, तिने मान वर न करता सांगितलं, "वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंच्या मुलीला दिलं. तू मोठी झालीस आता." जिपार दोन दिवस जेवली नव्हती. बाबा घरात होते, खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. त्या रडण्याला पुढे गाठी पडत गेल्या. तशी आई वाईट वागली नाही कधी, शाळेच्या फरश्या पुसून तिने जिपारला वाढवलं, तिचं लग्न केलं, नातीच्या, आयदायच्या, वेळी बाळंतपणात चाळीस दिवस तिच्या पायांना लोणी चोळलं. पण जिपारच्या मनात कायम एक कोपरा राहिला, तिथं आई म्हणजे जिनं पुस्तक दिलं ती, आणि बाबा म्हणजे ज्यांनी वाचलं ते. आई मूत्रपिंडांच्या दुखण्याने गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. शेवटच्या आठवड्यात कधीतरी तिचे केस विंचरताना जिपार सहज म्हणाली होती, "ते बकरीचं पुस्तक तू का दिलंस गं?" आई हसली होती फक्त. "अजून आठवतंय का तुला?" म्हणाली होती. आणि आता बाहीला टाके घालताना जिपारच्या ध्यानात येत होतं, की दुसरीच्याच वर्षी शाळेत त्यांना रशियन शिकवायला सुरुवात झाली होती.

घरी तिने पुस्तक कपाटावर, रजयांच्या मागे सारून ठेवलं. बाबा आता जिपारकडेच राहत. सदुसष्ट वर्षांचे झाले होते, ऐकायला जरा कमी येत होतं, पण रोजच्या रश्श्यात टाकायच्या शेवया तेच कापत. आई गेल्यापासून ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिचा नवरा नुरगाझी भिंतींना गिलावा करून भुवयांवर चुना घेऊन यायचा, पातेल्यात रस्सा उकळत असायचा, आणि जिपार भिंतीला टेकून आयदायला वाचून दाखवायची. आठ वर्षांच्या आयदायला आता वाचता येत होतं, पण आईच्या तोंडून ऐकणं निराळं, असं तिचं म्हणणं. नुरगाझी मध्येमध्ये घोरायचा आणि "ऐकतोय, ऐकतोय, कोल्हा मेला" असं म्हणायचा, जिथं कोल्हाच नसायचा तिथं. बाबा पाटावरची पिठी झटकत ऐकत. त्या संध्याकाळी वाचताना जिपारचं बोट ओळीखाली जायला लागलं तसं तिने ते मुठीत घेतलं. बाबांनी पुस्तक बघितलं तर काय होईल? त्यांना वाटेल आपण पकडले गेलो. त्याहून वाईट, आयदाय ते मोठ्याने वाचेल. अडाणी बकरी, मूर्ख बकरी, पाटी वाचता न येणारी बकरी. शाळेतल्या सुरात, यमकासकट. आयुष्यभर टोपी हातात घेऊन मागे उभ्या राहिलेल्या माणसाला नातीच्या तोंडून ते ऐकवायचं? तिने ठरवलं, पुस्तक रोझा एजेच्या नातवाला देऊन टाकायचं. आणि ठरवल्यावर तिच्या लक्षात आलं की आईने हेच केलं होतं. ती वाचता वाचता थांबली. "पुढं?" आयदाय म्हणाली.

आठ-दहा दिवस पुस्तक तिथंच राहिलं. द्यायला काढावं तर हात होत नव्हता. आणि रविवारी दुपारी, जिपार अंगणातून वाळलेले, थंडीने पुठ्ठ्यासारखे झालेले कपडे घेऊन आत आली, तेव्हा आयदाय रजया काढायला स्टुलावर चढली होती आणि पुस्तक तिच्या हातात होतं. "आई, हे कुणाचं?" जिपार काही बोलायच्या आत ती उडी मारून खाली उतरली आणि आजोबांच्या पाटाशी मांडी घालून बसली. बाबांनी मुखपृष्ठ बघितलं. सुरी पिठात तशीच राहिली. त्यांनी हात फडक्याला पुसले, वर धरून बघितले, आणि पुस्तकाला मात्र हात लावला नाही. आयदाय वाचू लागली होती. खणखणीत आवाजात, यमकापाशी मान हलवत, आणि दर दोन ओळींनी आजोबांना समजावं म्हणून आपल्या भाषेत सांगत. जिपार कडक झालेले कपडे कवेत घेऊन उभी राहिली. मध्ये पडावंसं तिला वाटत होतं. बकरीने वेळापत्रक उलटं धरलं. बकरी चुकीच्या डब्यात चढली. "आणि आजोबा, तिनं काय केलं माहितीय? तिकीट खाल्लं! मग तिला उतरवलं खाली!"

बाबांच्या तोंडाकडे बघायचा जिपारला धीर होईना. मग तिला आवाज ऐकू आला, आणि तो हसण्याचा होता. बाबा हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मनगटाने पुसताना गालाला पीठ लागलं. "तिकीट!" ते म्हणाले. "आणि मी तिला जन्मभर पत्ता चघळायला लावला!" नुरगाझी कोपऱ्यातून उठून बसला, "काय झालं?" म्हणाला. "काही नाही," बाबा म्हणाले. "ह्यांनी पुस्तक चुकीचं छापलंय." आयदाय गोंधळली. "पण आजोबा, आई बकरीची गोष्ट सांगते त्यात तिला बहीण असते. यात बहीण कुठंय?" आणि तिने शेवटच्या पानापर्यंत सगळी पानं उलटून दाखवली. "पुस्तकात नाहीच आहे."

"पुस्तकात नाही," बाबा म्हणाले. त्यांनी सुरी उचलली, पिठाची घडी सारखी केली आणि एकसारख्या बारीक शेवया कापू लागले. "होती मात्र." मग, हात न थांबवता, हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं. जिपारने हे आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची आई वारली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि उमसुनाय चार. मावशीने त्यांना ठेवून घेतलं, मेंढ्यांमागे जायला ते उपयोगाचे होते. उमसुनायला शहरातल्या अनाथाश्रमाच्या गाडीत बसवून दिलं. "ती गाडीत चढताना खूश होती. गाडीत बसायला मिळालं म्हणून." तीन वर्षांनी, गवतकापणीच्या दिवसांत, ते पळाले. ट्रकने रिबाच्येपर्यंत, तिथून आगगाडीने. "तिकीट कुठलं? तोकमोकला मला खाली उतरवलं. एवढं मात्र यांनी खरं लिहिलंय. तिथून दोन दिवस चालत आलो." अनाथाश्रमाच्या फाटकाशी एक बाई होती. ती म्हणाली, मुलं नाहीत, बाहेर गेलीत. "अख्खं घर कसं बाहेर जाईल? मला हाकलायला बोलत होती. मी फाटकाचे गज धरले आणि हाका मारल्या. ऊन उतरेपर्यंत. ती आत होती. तिला ऐकू जात होतं, आणि तिला येऊ देत नव्हते. मग मला भूक लागली." सुरी क्षणभर थांबली. "भूक लागली म्हणून मी गेलो. पुढच्या वर्षी आलो तर म्हणाले, अशी मुलगी इथं नाही." मग सतराव्या वर्षी ते वीटभट्टीवर लागले, शहरात राहिलो तर कधीतरी रस्त्यात दिसेल, असं वाटलं होतं. कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं, की मला भूक लागली?

खोलीत रस्सा उकळल्याचा आवाज होता. नुरगाझीने हळूच जाऊन आच कमी केली. जिपारने कपडे खाली ठेवले आणि वडिलांसमोर बसली. "आईला?" तिने विचारलं. "आईला माहीत होतं?" "मी सांगितलं नव्हतं. पण तिला वाचता येत होतं ना. काय छापलंय ते तिला दिसायचं आणि मी काय बोलतोय ते ऐकू यायचं. उरलं ते माझं, हे तिनं ओळखलं असणार." त्यांनी पाटावर आणखी पिठी भुरभुरली. "एकदा मी दोन पाळ्या करून आलो होतो. डोळे मिटत होते. घाईघाईनं वाचलं आणि पुस्तक मिटलं. तू झोपली होतीस. तुझी आई बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, 'आज बकरी तोकमोकला उतरली नाही.' एवढंच. तेव्हा मला समजलं, हिला सगळं ठाऊक आहे. पुढं आम्ही त्यावर कधी बोललो नाही."

"आणि पुस्तक तिनं देऊन का टाकलं?" हे विचारताना जिपारचा आवाज तिला स्वतःलाच लहान वाटला. बाबांनी तिच्याकडे नवलाने बघितलं. "तू शाळेत रशियन वाचायला लागली होतीस. आणखी एका महिन्यानं तुला कळलं असतं. ती मला म्हणाली, 'पोर रडेल. तुम्ही समजूत घालायला जाऊ नका. माझ्यावर रडू दे तिला.' मी म्हटलं, तुझ्यावर राग धरेल. तर म्हणाली, 'धरेल. आईवर धरलेला राग टिकत नाही.'" टिकला होता. तिनेच टिकवला होता, तीस वर्षं, कोपऱ्यात झाकून, मधूनमधून बघत. आणि बाबांचं गुपित फुटू नये म्हणून एक बाई शेवटच्या आठवड्यातसुद्धा, केस विंचरून घेताना, नुसती हसली होती. आयदाय म्हणाली, "आई, तू का रडतेस?" "कांदा," जिपार म्हणाली. त्या दिवशी जेवणात कांदा नव्हता. पण आयदायने तसं म्हटलं नाही; ती आजीवर गेली असावी.

अनाथाश्रमाची जुनी दप्तरं कुठंतरी असतीलच, जाऊन विचारायला काय हरकत आहे, हे नुरगाझीचं म्हणणं. बाबा नको म्हणत होते. "आता काय करायचंय? असेल तर आजी झाली असेल कुणाची." पण उमसुनायचं नाव, मावशीच्या गावाचं नाव, साल, सगळं त्यांनी आयदायला सांगून एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद जिपारच्या पिशवीत आपणहोऊन ठेवला. जिपारने अर्ज दिला, दोनदा जाऊन आली, फेब्रुवारीच्या अखेरीस बोलावणं आलं. बाबा ठेवणीतला कोट घालून, दाढी करून तिच्याबरोबर निघाले. जुनी दप्तरं ठेवतात त्या इमारतीत तळमजल्याला एक खोली होती, खिडकीत निवडुंगाच्या कुंड्या आणि टेबलामागे शाल घेतलेली एक मध्यमवयीन रशियन बाई. तिच्यापुढे दोन जाड वह्या खुणा घालून ठेवल्या होत्या. ती सावकाश वाचत गेली आणि जिपार वडिलांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन त्यांच्या भाषेत सांगत गेली. मुलगी, वय चार, अमुक गावाहून आली. केस कापले. गोवर झाला, बरा झाला. दूध आवडत नाही. "आवडत नव्हतंच," बाबा म्हणाले. मग ती आल्यानंतर तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरच्या चार तारखेला, दत्तक दिली. नवराबायको दोघं न्यायला आले होते, येताना त्यांनी मुलीसाठी कोट आणि बूट आणले होते. नाव बदललं. "पुढचं मला सांगता येत नाही," बाई म्हणाली. "कायद्यानं बंदी आहे. मला वाईट वाटतं." बाबांनी मान हलवली. मग त्यांनी जिपारला काहीतरी विचारायला सांगितलं. त्याच वर्षीच्या जुलैत, गवतकापणीच्या दिवसांत, एक मुलगा फाटकाशी आला होता, याची नोंद आहे का?

अशा नोंदी ठेवत नसत, बाई म्हणाली. पण ती दुसरी वही चाळत राहिली, बहुधा म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि मग तिने एका पानावर पट्टी ठेवली. जूनमधला हुकूम होता. अनाथाश्रमाची सगळी मुलं, सगळे गट, बारा जूनपासून अठ्ठावीस ऑगस्टपर्यंत डोंगरातल्या उन्हाळी छावणीत. इमारतीला रंग द्यायचा होता. एक चौकीदारीण तेवढी मागे राहणार. जिपारने सांगितलं. बाबांना ऐकू गेलं नसावं असं वाटून तिने पुन्हा सांगितलं.

बाहेर ऊन पडलं होतं, छपरांवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. पायऱ्या उतरता उतरता बाबा मध्येच थांबले, कठड्याला धरून हळूच खाली बसले. जिपार घाबरली. "बाबा, काय होतंय?" "काही नाही गं. बस." ती बसली. "म्हणजे ती आत नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती. महिनाभर आधीच गेली होती. सगळीच पोरं डोंगरात होती."

"त्या बाईनं खरं सांगितलं होतं."

"हो."

"मी ऊन उतरेपर्यंत हाका मारल्या."

"हो, बाबा."

"तिनं ऐकल्या नाहीत."

"नाही. कुणीच ऐकल्या नाहीत. घर रिकामं होतं."

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या पांढऱ्या केसांवर ऊन आलं. समोरून शाळा सुटलेली पोरं एकमेकांच्या पाठीवर ओला बर्फ फेकत गेली, एक ट्रॉलीबस गेली, मग दुसरी. पंचावन्न वर्षं ते त्या फाटकापासून दूर चालत होते आणि पाठीमागे एक सात वर्षांची मुलगी त्यांना जाताना ऐकत होती. आता मागे कुणीच नव्हतं. रंगाचे डबे होते, उघड्या खिडक्या होत्या. बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि सोडला, पुन्हा घेतला. जिपारने त्यांचा हात धरला; इतक्या वर्षांनीही नखांच्या कडेला विटांचा रंग होता. बराच वेळ गेल्यावर ते तिच्याकडे वळले, आणि जे बोलायला त्यांनी जन्मभर लाज बाळगली होती ते अगदी सहज म्हणाले.

"भूक लागलीय गं मला."